नखांतलं पीठ

गुरुवारी दुपारी या शाळेतल्या पोरांच्या नखांत पीठ असतं. घ्यायला आलेल्या आईबापांच्या कोटांना, गाडीच्या सीटला, दाराच्या मुठीला ते लागतं. कुणी कुरकुरत नाही. उद्या शुक्रवार, एवढं त्या पिठावरून सगळ्यांना कळतं.

शाळा न्यू जर्सीतली, ज्यू समाजकेंद्राच्या इमारतीत भरणारी, दोन ते पाच वर्षांच्या मुलांची. माझी नात तिथे जाते, कारण शाळा घराजवळ आहे आणि तिचे तास लेकीच्या ऑफिसच्या तासांशी जुळतात. प्रवेशाच्या वेळी धर्म कुणी विचारला नाही. अमेरिकेतल्या अशा केंद्रांच्या बालशाळांत इतर धर्मांची मुलं सर्रास असतात. मी मात्र पडले अलिबागची, इस्रायल आळीच्या, म्हणजे ज्यू वस्तीच्या, शेजारात वाढलेली, आणि उभी हयात पहिलीच्या वर्गाला शिकवण्यात घालवलेली. त्यामुळे आजीपण जरा बाजूला सारून मी त्या वर्गाकडे मास्तरणीच्या नजरेनं बघते. ही खोड आता जायची नाही.

अक्षरं, ठोकळे, रंग, वाळूचा हौद हे कुठल्याही बालशाळेत असतं. इथे त्या सगळ्याला एक उतार दिलेला आहे आणि तो शुक्रवारकडे जातो. हिब्रूत वारांना नावं नाहीत. पहिला दिवस, दुसरा दिवस, असं सहाव्यापर्यंत मोजायचं. नाव एकट्या सातव्याचं: शब्बाथ, शुक्रवारी संध्याकाळी सुरू होणारा विसाव्याचा दिवस. तीन वर्षांचं पोर बोटांवर वार मोजतं तेव्हा आकडे आपोआप पाठ होतात आणि आपण कुठे निघालो आहोत हेही त्याला ठाऊक असतं.

सोमवारी शब्बाथला निरोप. हव्दाला हा विधी खरा शनिवारी रात्री तारे दिसल्यावर करायचा. सोमवारी सकाळी त्यासाठी मेणबत्ती लावणं काटेकोर माणसाला चालणार नाही. शाळेला चालतं. अनेक वातींची, वेणीसारखी वळलेली मेणबत्ती पेटते. लवंग-दालचिनीची डबी हातोहात फिरते आणि प्रत्येक जण नाक खुपसून वास घेतो. गेलेल्या दिवसाचा सुगंध आठवडाभर पुरावा, अशी त्यामागची कल्पना. शेवटी ज्योत द्राक्षाच्या रसात बुडवून विझवतात. ते ‘चर्र’ ऐकायला मुलं इतकी शांत बसतात, की हे आम्हाला डी. एड.ला का शिकवलं नाही असं मला वाटून जातं.

मंगळवार गोष्टीचा. तोरा या ज्यू धर्मग्रंथाचे चोपन्न भाग पाडलेले आहेत. दर आठवड्याला एक, क्वचित दोन, असे वाचत वर्षभरात तोरा संपवायची, आणि ज्या दिवशी संपते त्याच दिवशी पहिल्या पानापासून पुन्हा सुरुवात करायची. जगभरातल्या सिनेगॉगांत त्या आठवड्याला जो भाग चालू असतो, त्यातलीच गोष्ट इथे गालिच्यावर बसून ऐकायची. शरदात सृष्टीची निर्मिती, पुढच्या आठवड्यात नोहाचं तारू, त्याच्या पुढच्या आठवड्यात अब्राहाम. अब्राहामाचा तंबू चारी बाजूंनी उघडा असे, कुठूनही येणाऱ्या पाहुण्याला वळसा पडू नये म्हणून. मग वर्गात चादरी बांधून तंबू होतो, शेजारच्या वर्गाला आवतण जातं आणि पाहुण्यांना खारी बिस्किटं मिळतात. अगत्य हा शब्द कुणी उच्चारत नाही.

नोहाच्या गोष्टीत पूर येतो, प्राणी जोडीजोडीनं तारवात चढतात, इंद्रधनुष्य उगवतं. बुडून मेलेल्या माणसांबद्दल कुणी बोलत नाही. हे मला थोडं खटकतं. कापूस, गोंद आणि चमकी यांच्यात अर्धी गोष्ट वाहून जाते. पण आमच्या घरी नातीनं जेवताना विचारलं, “आजी, मग मासे कुठे होते?” दुसऱ्या दिवशी तिनं तेच वर्गात विचारलं. बाईंनी उत्तर दिलं नाही. प्रश्न फळ्यावर लिहून ठेवला आणि खाली इतर मुलांचे अंदाज. मासे तारवाखाली पोहत होते. मासे खूश होते. एकाचं म्हणणं, मासे पाहत होते. त्या बाईंना ठाऊक होतं की नाही कोण जाणे, पण तालमूद या त्यांच्या धर्मचर्चेच्या ग्रंथातही याची चर्चा आहे: शिक्षा जमिनीवरच्या जिवांना होती, समुद्रातल्या माशांना नव्हती. चार वर्षांच्या मुलीचा प्रश्न आणि दाढीवाल्या पंडितांचा प्रश्न एकच निघावा, यातच या शिक्षणाचं बरंचसं मर्म आलं.

मुलानं विचारावं, ही तर या धर्मातली रीतच आहे. पेसाहच्या रात्री, मिसरमधल्या गुलामीतून सुटका झाली ती गोष्ट सांगायची, तर घरातल्या सगळ्यात लहान मुलानं चार प्रश्न विचारल्याशिवाय गोष्ट पुढे सरकत नाही. त्या रात्रीची पोथी म्हणजे हग्गादा. मराठी भाषांतरासह एक सचित्र हग्गादा १८७४ साली पुण्यात छापली गेली आणि तिच्यातल्या चित्रात लुगडी नेसलेल्या बायका बेखमीर भाकरी करताना दिसतात. कोकणातल्या ज्यू मुलांनीही वर्षानुवर्षं हेच प्रश्न विचारले आहेत. न्यू जर्सीतली मुलं सणाआधी आठवडाभर ते घोकत असतात आणि आमच्याकडे आंघोळीच्या टबातून त्यांची तालीम ऐकू येते.

बुधवारबद्दल सांगण्यासारखं काही नाही. बुधवारी पोहायला नेतात आणि ओले टॉवेल घरी येतात.

आता पुन्हा गुरुवार. मैदा, यीस्ट, अंडी, तेल, साखर, मीठ. दूध घालायचं नाही, कारण हा पाव मांसाच्या जेवणाबरोबर खाल्ला जाऊ शकतो आणि दूध-मांस एकत्र करायचं नाही. खल्ला हे या पावाचं नाव. प्रत्येकाला एक गोळा मिळतो, त्याच्या तीन वळ्या करायच्या आणि वेणी घालायची. वेणी बहुधा सापासारखी होते. कुणाचा पाव गोगलगाय, कुणाचा दगड. बाई एकाही वेणीला हात लावून ती सरळ करत नाहीत. मी असते तर नक्की केली असती. शब्बाथच्या टेबलावर असे दोन पाव लागतात. मिसरमधून सुटल्यावर वाळवंटात मन्ना, म्हणजे आकाशातून पडणारं अन्न, शुक्रवारी दुप्पट पडे, शनिवारी वेचायला जायला लागू नये म्हणून. त्याची ही आठवण.

शुक्रवारी पांढरं टेबलक्लॉथ. आधी डब्यात नाणी टाकायची. दानधर्माची डबी प्रत्येक वर्गात असते. ज्याला दान घ्यावं लागतं त्यानंही त्यातलं थोडं द्यावं असा त्यांच्याकडे दंडक आहे, म्हणून नाणं विसरून आलेल्या मुलालाही बाई एक नाणं देतात आणि ते त्यानंच टाकायचं असतं. मग मेणबत्त्या. हात ज्योतीभोवती तीनदा फिरवून डोळ्यांवर धरायचे. सगळी पोरं बोटांच्या फटींतून बघतात. मग द्राक्षाचा रस, आणि शेवटी पाव. तोवर पाव फडक्याखाली झाकलेला. कारण मोठं गोड आहे: आशीर्वाद आधी रसाचा होतो, तेव्हा आपल्याला डावललं असं पावाला वाटू नये. पावाच्याही मनाला जपायचं, हे ज्या पोरानं दर शुक्रवारी पाहिलं, त्याला वेगळे सद्वर्तनाचे धडे द्यायची गरज नाही. माझ्या मते या शाळेतला सगळ्यात मोलाचा धडा म्हणजे ते फडकं.

तो रस पाहून मला शेजारच्या इस्रायल आळीतल्या मावशी आठवतात. त्या काळ्या मनुका भिजत घालत, कुस्करून गाळत आणि ते सरबत शुक्रवारी संध्याकाळी किद्दुशसाठी, म्हणजे शब्बाथच्या आशीर्वादासाठी, ठेवत. वाईन कुठून आणणार? बेने इस्रायलांनी, म्हणजे कोकणातल्या ज्यूंनी, वाईनची अडचण अशी भागवली. पावाच्या जागी चपाती असे, मेणबत्तीच्या जागी तेलाचा दिवा. तेलाचे घाणे चालवणारे हे लोक शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून त्यांना शनिवार तेली म्हणत. त्यांच्याकडे शाळा नव्हती, पंडित नव्हते, पोथ्याही फारशा नव्हत्या. आठवडा मात्र होता, आणि तो शतकानुशतकं मोडला नाही.

जुन्या पद्धतीत, युरोपातल्या खेड्यांत, तीनेक वर्षांच्या मुलग्यांना हेदर नावाच्या धर्मशाळेत बसवत आणि पाठांतर चाले. अक्षरं गोड लागावीत म्हणून पाटीवर मध लावून चाटायला देत; पुढे छडी असेच. खेळातून शिकवणारी पहिली हिब्रू बालवाडी १८९८ साली आजच्या इस्रायलमधल्या रिशोन लेझियोनला निघाली. तिथल्या बाईंपुढे पंचाईत अशी की भाषा प्रार्थनेची. बाहुली, भोवरा, झोका यांच्याशी तिचा संबंध सुटलेला. गाणी नव्हती, पुस्तकं नव्हती. पुढे लेविन किपनिस यांनी बालवाड्यांसाठी सणासणाची गाणी लिहिली. त्यांना १९७८ साली इस्रायल पारितोषिक मिळालं. मुलांच्या खेळासाठी भाषेला पुन्हा चालायला शिकवायचं, हे काम मुख्यतः बालवाडीच्या बाईंनी केलं. त्यांचे पुतळे कुठे दिसत नाहीत.

सण एकामागून एक येतात. हनुकाचे भोवरे, पुरिमची सोंगं आणि कर्कश खुळखुळे हे पालकांच्या फोटोंत पुष्कळ असतं. मला आवडतो तो सुक्कोत, अंगणात फांद्यांचं छप्पर घालून मांडव करतात तो. त्यात पूजेला लागणारं एत्रोग म्हणजे आपलं महाळुंग, कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हातातलं. समुद्रापलीकडून ते पेटीत जपून येतं आणि मुलं त्याला एकेका बोटानं हात लावतात. आणि तू बिश्वात, झाडांचा वाढदिवस, जानेवारी-फेब्रुवारीत. बाहेर जमीन दगडासारखी गोठलेली, आत मुलं खजूर आणि अंजीर खातात आणि कागदी पेल्यांत पार्सलीचं बी पेरतात. पेसाहला ती पार्सली मिठाच्या पाण्यात बुडवून खायची, म्हणजे एका सणाचं रोप दुसऱ्या सणाच्या ताटात. त्याच दिवशी कोकणातले बेने इस्रायल एलियाहू संदेष्ट्याच्या नावानं मलिदा करतात: पोहे, गूळ, खोबरं, वेलची आणि वर फळं. अलिबागजवळ खंडाळ्याच्या खडकावर त्याच्या रथाच्या खुणा आहेत अशी त्यांची श्रद्धा. मी एकदा मलिद्याचा डबा वर्गात नेला. मुलांनी पोहे एकेक करून तपासले. बाईंनी दोनदा घेतले.

डब्याचे नियम इथे कडक. मांस आणायचं नाही, म्हणजे शाकाहारी मराठी घराला सोन्याहून पिवळं. पण शेंगदाणाही आणायचा नाही, ॲलर्जीमुळे. म्हणजे साबुदाण्याची खिचडी बाद, काकडीची कोशिंबीर बाद, चटणी बाद. दाण्याच्या कुटाशिवाय डबा भरताना देशस्थ घरात जन्मलेल्या बाईचं काय होतं ते तिलाच माहीत.

आणि दारात बंदूकधारी रक्षक. दार काचेचं, पण आतून बटण दाबल्याशिवाय उघडत नाही. १९९९ च्या ऑगस्टमध्ये लॉस एंजेलिसच्या अशाच एका केंद्रात गोळीबार झाला आणि लहान मुलं जखमी झाली. २०१८ च्या ऑक्टोबरात पिट्सबर्गच्या ट्री ऑफ लाइफ सिनेगॉगमध्ये अकरा माणसं मारली गेली. रक्षकाला प्रत्येक मुलाचं नाव पाठ आहे. मी भारतातली आहे कळल्यावर त्यानं पहिला प्रश्न केला तो मुंबईवरच्या हल्ल्यातल्या नरिमन हाउसचा: दोन वर्षांच्या मोशेला उचलून बाहेर आणणाऱ्या सँड्रा सॅम्युएल यांच्याबद्दल. मुलं त्याला शुक्रवारी पावाचा तुकडा नेऊन देतात. तो एका हातानं खातो.

दर शुक्रवारी एका मुलाच्या घरी एक पिशवी जाते. तीत दोन दिवे, पेला, पावाचं फडकं, एक कापडी अस्वल आणि वही. घरानं शब्बाथ कसा घालवला ते वहीत लिहायचं. आमची पाळी आली तेव्हा लेक म्हणाली, “आई, तूच लिही काय ते.” मी वही आधी वाचून काढली. कुणी आजोबांच्या कबरीवर जाऊन आलेलं, कुणाचं अस्वल विमानानं फ्लोरिडाला गेलेलं, एका घरानं प्रामाणिकपणे लिहिलेलं की आम्ही पिझ्झा मागवला आणि झोपलो. मी लिहिलं: वरण-भात, बटाट्याची भाजी, दिवे लावले, सगळ्यांनी फोन दुसऱ्या खोलीत ठेवले, अस्वलाला तूप सांडलं. क्षमस्व.

अमेरिकेतल्या आपल्या मराठी शाळांना माझी एक विनंती आहे. बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या आधारानं त्या अनेक गावांत शनिवार-रविवारी भरतात, आणि तिथे शिकवणारे पालक आपल्या सुट्टीचे तास देतात, याचं मोल मी जाणते. पण मुळाक्षरांचे तक्ते जरा नंतर काढा. आधी पोळपाट-लाटणं न्या, मुलांची नखं पिठानं भरू द्या, एकच गोष्ट ठरल्या वेळी पुन्हा पुन्हा करा आणि त्यांनी काही विचारलं तर उत्तराची घाई करू नका. संक्रांतीला गुळपोळ्यांपासून सुरुवात करता येईल. फक्त तिळाचं आधी पालकांना विचारून घ्या. २०२३ पासून अमेरिकेत तोही ॲलर्जीच्या यादीत आहे.