जळगांवाहून धुळ्यास : एका मोटारीच्या चर्चेसह

खानदेशाचें वर्णन करूं लागलें म्हणजे लोक केळीं, कापूस आणि ऊन ह्या तीन गोष्टी सांगून मोकळे होतात. आम्ही त्यांत चौथी गोष्ट घालतों; ती म्हणजे वाट. सुरत व बऱ्हाणपूर ह्या दोन पेठांमधील व्यापाऱ्यांचे तांडे तापीच्या खोऱ्यांतून कित्येक शतकें जात-येत होते. पुढें मुंबईहून आग्र्यास जाणारा आणि सुरतेकडून नागपुरास जाणारा, असे दोन हमरस्ते ह्याच प्रांतांत, धुळ्यास, एकमेकांस छेदून गेले. त्यांचे तीन व सहा हे जुने क्रमांक सरकारनें बदलले असले तरी वृद्ध मंडळींच्या तोंडीं अद्याप तेच आहेत. अशा प्रांतांत वाढलेल्या मुलास वाहनाचें प्रेम उपजत असावें यांत नवल तें काय? पोळ्याच्या दिवशीं बैलांच्या शिंगांना रंग देणारा हात दुसऱ्या दिवशीं मोटारसायकल पुसतांना आम्ही पाहिला आहे.

जळगांव ते धुळें हें अंतर सुमारें ९० किलोमीटरांचें. इ. स. २०१७ च्या मे महिन्यांत धुळ्यास एका आप्ताकडील मुंजीनिमित्त आम्हांस हा प्रवास घडला. घरांतील स्त्रिया व लहान मुलें आदल्या दिवशींच एस्. टी. नें पुढें गेलीं होतीं. मागें राहिलेले आम्ही, आमच्या पुतण्याचा मुलगा, त्याचे तीन मित्र आणि आंब्यांच्या दोन पेट्या, एवढ्यांची सोय भाड्याच्या एका मारुति ओम्नींत केली होती. निघतांना पुतण्यानें आम्हांस बाजूस घेतलें. तो म्हणाला, "काका, तो तुमचें ऐकतो. त्याला मोटारींचें वेड लागलें आहे. एंजिनियरिंगचें शेवटचें वर्ष संपत आलें. बँकेच्या परीक्षेचा अर्ज भरावा तर हे चिरंजीव पुण्यास जाऊन मोटारींचे सांगाडे आखावयास शिकणार म्हणतात. वाटेंत त्याला दोन गोष्टी सांगा." दोन गोष्टी सांगण्यापूर्वीं चार ऐकून घ्याव्या, असा शाळेंतील आमचा नेम होता. तोच आम्हीं येथेंहि पाळावयाचें ठरविलें आणि चालकाशेजारचें आसन धरलें.

गाडी बांभोरीच्या पुलावर आली. खालीं गिरणेचें पात्र उन्हानें पांढरें पडलें होतें. पलीकडच्या तीरावर विद्यापीठाच्या इमारती दिसत होत्या. परंतु मुलांचें लक्ष नदीकडे नव्हतें आणि विद्यापीठाकडे तर नव्हतेंच. त्यांच्या हातांतील फोनवर एका ठेंगण्या मोटारीचें चित्र होतें. त्याच वर्षीं ७ मार्च रोजीं स्वित्झर्लंडमधील जिनीव्हा शहराच्या प्रदर्शनांत टाटा मोटर्सनें 'टॅमो रेसमो' नांवाची ही मोटार जगापुढें मांडली होती. आसनें दोनच. एंजिन १.२ लिटरचें, तीन सिलिंडरांचें व टर्बो जोडलेलें. शक्ति सुमारें १९० अश्वशक्ति. उभ्या जागेवरून निघून सहा सेकंदांच्या आंत ताशीं १०० किलोमीटरांचा वेग ती घेईल, असें कंपनीनें सांगितलें होतें. मात्र मुलांचा वाद वेगाविषयीं नव्हता. ह्या मोटारीचें एंजिन नेहमींप्रमाणें पुढें नाहीं, अगदीं मागेंहि नाहीं. तें बसणाराच्या पाठीशीं आणि मागील आसाच्या पुढें, म्हणजे दोन्ही आसांच्या मध्यें आहे. त्यावरून हें रण माजलें होतें.

मित्रांपैकीं एक गॅरेजवाल्याचा मुलगा. त्याचा आक्षेप व्यवहाराचा होता. एंजिन पाठीमागें कोंबलें तर हात कोठें घालावयाचा? एक पट्टा बदलावयास निम्मी गाडी उकलावी लागेल, असें तो म्हणे. दुसऱ्यास गाडी विकत घेण्याची गरजच वाटत नव्हती. 'फोर्झा होरायझन ३' नांवाच्या संगणकावरील खेळांत ती येणार असल्याचें कंपनीनें जाहीर केलें होतें, तेवढ्यावर तो तृप्त होता. तिसरा मोठा शंकेखोर. त्यानें दिलीप छाब्रिया ह्यांच्या 'अवंति' मोटारीची आठवण काढली. तीहि मधल्या एंजिनाची. २०१२ सालीं दिल्लीच्या प्रदर्शनांत ती मोठ्या थाटानें दाखविली गेली. "पण तिचें एंजिन फ्रान्सच्या रेनो कंपनीचें होतें," तो म्हणाला, "मग आपलें त्यांत काय राहिलें? पत्रा?"

पाळधी मागें पडली. रस्ता त्या काळीं दुपदरी होता आणि समोरून ऊस व कापसाच्या गांठी लादलेले ट्रक एकामागून एक येत होते. चालक बराच वेळ मुकाट्यानें ऐकत होता. एका ट्रकाला वाट देण्यासाठीं गाडी मातींत उतरवून तो आपल्या अहिराणींत म्हणाला, "गाडी भारी शे भाऊ, पन आठे रस्ता कोठे शे?" ह्यावर सर्वच हंसले.

तेव्हां आमचा नातू पुढें वांकून म्हणाला, "आजोबा, तुमच्या आसनाखालीं काय आहे, ठाऊक आहे का?" उत्तर आमच्या अंगाला केव्हांच कळलें होतें, मे महिन्याच्या उन्हांत खालूनहि शेक लागत होता. एंजिनच तें! ओम्नीचें ७९६ घनसेंटिमीटरांचें एंजिन पुढील आसनांखालीं, पुढच्या आसाच्या किंचित् मागें बसविलेलें असे व तें मागचीं चाकें फिरवी. सिलिंडर हिलाहि तीनच. म्हणजे ज्या मधल्या एंजिनाची परदेशांत एवढी वाखाणणी चालली होती, त्या जातीचें वाहन १९८४ पासून आपल्या देशांत शाळेचीं मुलें, लग्नाचीं वऱ्हाडें व दवाखान्याचे रोगी वाहत होतें. फरक हेतूचा. ओम्नींत एंजिन मधें आणलें तें माणसें अधिक बसावीं म्हणून. रेसमोंत आणलें तें गाडी चपळ वळावी म्हणून, आणि त्यापायीं मागचें आसनच गेलें. एकत्र कुटुंबांत दोन आसनांची मोटार आली तर मुंजीस प्रथम कोणी निघावें, ह्या वादांतच मुहूर्त टळावयाचा, असें आम्हीं म्हटलें. तें मुलांनीं मान्य केलें.

एरंडोल आलें. अंजनी नदीच्या कांठचें हें गांव, तेथील पांडववाडा, जवळचें पद्मालयाचें गणेशस्थान, हीं वाचकांस माहीत असतीलच. मुलांची चर्चा मात्र तोंवर जर्मनींत पोंचली होती. फर्डिनांड पोर्शे ह्यांनीं आखलेल्या ऑटो युनियनच्या शर्यतींच्या गाड्यांत १९३४ सालींच एंजिन चालकाच्या मागें होतें. १९५९ व १९६० ह्या दोन्ही वर्षीं जॅक ब्रॅबहॅम ह्यांनीं इंग्लंडच्या कूपर कंपनीच्या तशाच लहानशा गाडींतून जगज्जेतेपद मिळविलें आणि पुढें एंजिन असलेल्या बलाढ्य गाड्या मागें टाकल्या. इटलीचे एंझो फेरारी आरंभीं ह्या मताचे नव्हते. बैलानें गाडी ओढावी, ढकलूं नये, अशा अर्थाचें त्यांचें बोलणें मोटारींच्या शौकिनांत प्रसिद्ध आहे. परंतु १९६१ सालीं त्यांच्याच कंपनीनें जगज्जेतेपद मिळविलें, तें एंजिन मागें घेतलेल्या गाडीनें. पुढें १९६६ सालीं लॅम्बोर्गिनीची 'मिउरा' आली व ही रीत शर्यतींच्या मैदानांतून श्रीमंतांच्या अंगणांत शिरली.

बैलाचें नांव निघालें तेव्हां आम्हांसहि बोलावयास जागा झाली. ज्यानें बैलगाडी भरली आहे त्यास भार कोठें ठेवावा हें सांगावें लागत नाहीं. ओझें फार पुढें झालें तर जूं बैलांच्या मानेवर बसतें. फार मागें झालें तर गाडी उलाळ होते आणि जूं वर उचललें जाऊन बैलांच्या गळ्यास ओढ बसते. भार आसाच्या आसपास ठेवणें हेंच शहाणपण. नातू म्हणाला, "आजोबा, तें तोलाचें झालें. मी म्हणतों तें वळण्याचें आहे. पारोळ्यास गाडी थांबूं द्या, मग दाखवितों."

पारोळ्यास भर वस्तींत भुईकोट किल्ला आहे. झांशीच्या राणी लक्ष्मीबाईंचें सासरचें नेवाळकर घराणें ह्या गांवाशीं संबंध सांगतें. किल्ल्याजवळ चहा घेण्यास उतरलों तेव्हां नातवानें आमची काठी मागून घेतली. पाण्यानें भरलेल्या दोन बाटल्या तिच्या दोन टोंकांना उपरण्याच्या दशांनीं बांधल्या, काठी मधोमध आमच्या मुठींत दिली आणि ती डावी-उजवीकडे झपाट्यानें फिरवावयास सांगितली. मनगट दुखावलें, काठी वळेना, आणि एकदां वळूं लागली कीं थांबेना. मग त्यानें त्याच बाटल्या सरकवून मुठीच्या दोन्ही बाजूंस अगदीं जवळ आणल्या. वजन तेंच, काठी तीच. परंतु आतां ती बोटाच्या इशाऱ्यासरशीं फिरूं लागली. "कावड आणि गांठोडें ह्यांतला हा फरक," तो म्हणाला, "एंजिन हें गाडींतलें सर्वांत जड ओझें. तें टोंकाशीं न ठेवतां मधें ठेवलें कीं गाडी वळणाला लवकर रुकार देते." पदार्थविज्ञानांतील हा नियम आम्हीं पुस्तकांत वाचला होता. आमच्या हाताला तो पारोळ्यास कळला.

चहावाल्यासह सर्वांनीं काठी फिरवून पाहिली. शंकेखोर मित्रहि गप्प झाला. एवढ्यावर तो थांबता तर नातवाचा जय झाला असता. पण तो आपण होऊन पुढें बोलला, आणि तेंच बोलणें आम्हीं मनांत जपून ठेवलें आहे. तो म्हणाला, "ह्यांत वाईट काय, तेंहि सांगितलें पाहिजे. जी गाडी वळायला हलकी, ती घसरून गरकायलाहि हलकी. पुढें जड असलेली साधी गाडी वळणावर आधीं पुढून सरळ जाऊं पाहते. चालकाला सूचना मिळते, तो वेग कमी करतो. हिचीं मागचीं चाकें एकदां सुटलीं कीं ती भोंवऱ्यासारखी फिरते. सांवरायला वेळ फार थोडा असतो. शिकलेला हात नसेल त्यानें तिच्या वाटेस जाऊं नये. आणि आपल्या ओम्नींत तर दुसराच दोष. एंजिन खालीं गेलें, जागा मिळाली. पण समोरून धडक बसली तर आजोबांचे गुडघे आणि समोरचा ट्रक ह्यांच्यामध्यें एक पत्रा आहे, दुसरें कांहीं नाहीं." चालकानें हें ऐकलें. त्यानंतर धुळ्यापर्यंत त्यानें एकाहि ट्रकाला ओलांडण्याची घाई केली नाहीं.

मुकटी, फागणें करीत दुपारीं धुळें गांठलें. पांझरेच्या कांठचें हें शहर आंखीव आहे. १८१८ नंतर खानदेशाचा कारभार पाहावयास आलेल्या कॅप्टन ब्रिग्ज ह्यांनीं येथें नवी पेठ वसविली. सरळ रेषेंतील गल्ल्या अजून क्रमांकानेंच ओळखल्या जातात. इतिहासाचार्य राजवाडे ह्यांनीं १९२६ सालीं येथेंच देह ठेविला व त्यांच्या नांवाचें संशोधन मंडळ येथेंच उभें आहे. परंतु ह्या प्रवासांत आम्हांस आठवले ते मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. १८८४ सालीं ते मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यांत दाखल झाले, तेव्हां ऐन विशींतील ह्या नवख्या एंजिनियरास मिळालेल्या पहिल्या कामांपैकीं एक धुळ्याकडचें होतें. पांझरेच्या कालव्याचें पाणी नळांच्या सायफनानें प्रवाहापलीकडे नेण्याचें. पुढचीं धरणें व पुढची कीर्ति सर्वांस ठाऊक आहे. आरंभ मात्र पावसाळ्यांत, अशा आडजागीं, नळ बसविण्यापासून झाला.

मुंज आटोपल्यावर पुतण्यानें विचारलें, "काका, सांगितल्या का दोन गोष्टी?" आम्ही म्हणालों, "एक सांगतों, ती तुलाच. वेड आणि आवड ह्यांत भेद आहे. वेड लागलेल्यास आपल्या वस्तूचे गुणच दिसतात; तिला नांव ठेवलें कीं तो चिडतो. तुझ्या मुलानें चौघांसमोर आपल्या आवडत्या मोटारीचा दोष स्वतः होऊन, कारणासह सांगितला. ही विद्या आहे, वेड नव्हे. बँकेच्या परीक्षा पुढल्या वर्षींहि येतील. त्याला पुण्यास जाऊं दे." पुतण्या लगेच राजी झाला असें नाहीं. फीचा हिशेब झाला, घरांत दोन दिवस अबोला झाला, आणि मग वहिनींनीं आपल्या माहेरच्या पाटल्यांचा विषय काढला तेव्हां तोच वरमला. पाटल्या मोडाव्या लागल्या नाहींत. शिक्षणाचें कर्ज मिळालें.

ज्या मोटारीवरून हा सर्व खल झाला ती बाजारांत आलीच नाहीं. खर्चाचा मेळ बसेना म्हणून कंपनीनें तो बेत सोडून दिला. 'अवंति'च्या मोजक्याच गाड्या रस्त्यावर आल्या. ओम्नीचें उत्पादन २०१९ सालीं बंद झालें. सुरक्षिततेचे नवे नियम आले व नातवानें पारोळ्यास सांगितलेला दोष तिला त्यांत भोंवला. जळगांव-धुळें रस्ता पुढें चौपदरी होऊं लागला. चालकाच्या प्रश्नाचें उत्तर मिळूं लागलें तेव्हां ती गाडी नव्हती, इतकेंच.

नातू आज पुण्यास एका कारखान्यांत आहे. तो शर्यतीच्या मोटारी आखीत नाहीं. बाजाराचा भाजीपाला वाहणाऱ्या लहान मालगाड्यांत भार कोठें बसावा, म्हणजे अधिक माल लादला तरी ती वळणावर उलटणार नाहीं, हें त्याचें काम. खानदेशांतून केळ्यांचे घड घेऊन निघालेली एखादी गाडी वळणावर सरळ राहिली, तर त्यांत त्याचाहि थोडा वांटा असेल.

घरोघरीं असे मुलगे व मुली आहेत. कोणी कॅमेऱ्याचें बोलतात, कोणी विमानांचें, कोणी आणखी कशाचें. वडील मंडळींना तीं नांवें कळत नाहींत व त्यामुळें जेवतांना वाद होतात. आमची त्यांस एवढीच सूचना आहे, कीं त्या वस्तूचा गुण विचारूं नये. तो तीं मुलें सांगतातच. दोष विचारावा. उत्तर कारणासह आलें तर अर्जावर सही करण्यास हरकत नाहीं.