अजून न लिहिलेल्या सर्किटसाठी

मायक्रोकंट्रोलर किती करंट घेणार, हे डेटाशीट उघडलं की कळतं. एफपीजीएचं तसं नाही. व्होल्टेज किती हवं ते डेटाशीट काटेकोर सांगते. पण चिप कामाला लागल्यावर करंट किती लागेल, हे चिप बनवणाऱ्यालाही सांगता येत नाही. आत कोणतं सर्किट भरलं जाईल आणि ते कोणत्या क्लॉकवर धावेल, यावर ते ठरतं. ते सर्किट लिहिणारा इंजिनिअर अनेकदा बोर्ड तयार झाल्यावरच कामाला बसतो. म्हणजे पॉवर सप्लाय निवडताना मी अजून न लिहिलेल्या सर्किटची सोय करत असतो. या कामातली जबाबदारी मला इथेच जाणवते, आणि गोडीही.

१९८५ सालच्या पहिल्या एफपीजीएत, झायलिंक्सच्या एक्ससी२०६४मध्ये, ६४ लॉजिक ब्लॉक होते आणि तिचं काम ५ व्होल्टवर भागत असे. आज आर्टिक्स-७ सारख्या मध्यम चिपला कोअर आणि ब्लॉक रॅमसाठी १ व्होल्ट, सहायक भागासाठी १.८ व्होल्ट आणि आयओ बँकांसाठी १.२ ते ३.३ व्होल्टपर्यंत जे लागेल ते द्यावं लागतं. ५ व्होल्टपासून १ व्होल्ट लिनियर रेग्युलेटरने काढला, तर ३ अँपिअरला चिपला मिळतात ३ वॉट आणि उष्णतेत जातात १२. म्हणून कोअरला बक कन्व्हर्टरच हवा.

खरा हिशेब त्यानंतर सुरू होतो. कोअरला ०.९५ ते १.०५ व्होल्ट चालतात. म्हणजे खाली घसरायला जागा फक्त ५० मिलिव्होल्टची. रेग्युलेटरच्या संदर्भ व्होल्टेजमध्ये १ टक्का फरक धरला, तर १० मिलिव्होल्ट गेले. ते संदर्भ व्होल्टेज ०.६ व्होल्टचं असेल आणि फीडबॅकचे रेझिस्टर १ टक्केवाले असतील, तर आणखी ८. बोर्डावरच्या तांब्याचा रोध ५ मिलिओहम असेल, तर ३ अँपिअरला १५. उरले १७, त्यात रिपल बसवायचा आणि करंट एकाएकी वाढल्यावर येणारा खड्डाही. रेग्युलेटर जिच्यावरून व्होल्टेज मोजतो ती सेन्सची तार रेग्युलेटरजवळ न घेता चिपच्या पिनांपाशी नेली, तर तांब्यात गेलेले ते १५ बहुतांशी परत मिळतात. एका बारीक ट्रॅकने एवढं साधतं, म्हणून ले-आउटमध्ये ती तार मी सगळ्यात आधी आखतो.

क्लॉक सुरू होताच हजारो फ्लिप-फ्लॉप एकदम जागे होतात. रेग्युलेटरला सावरायला मायक्रोसेकंद लागतात, चिपला वीज हवी असते नॅनोसेकंदांत. मधली वेळ कपॅसिटरनी निभावायची. म्हणून ते चिपच्या अगदी पोटाशी, बोर्डाच्या मागच्या बाजूला लावायचे. चालू करण्याचा क्रमही पाळायचा: आधी कोअर, मग ब्लॉक रॅम, मग सहायक, शेवटी आयओ. एका रेग्युलेटरचा ‘पॉवर गुड’ पुढच्याच्या ‘एनेबल’ला जोडला की तो आपोआप पाळला जातो.

एवढी धास्ती असताना ३ अँपिअरच्या जागी १० अँपिअरचा रेग्युलेटर टाकून मोकळं व्हावंसं वाटतं. पण हलक्या भारावर बरेच बक कन्व्हर्टर पल्स गाळत चालतात आणि रिपल वाढतो. मोठ्या कॉइलमुळे जागा जाते, खर्च वाढतो. शिवाय एवढी सढळ तरतूद आपण नेमकी कशासाठी केली, हे पुढे कुणालाच सांगता येत नाही. त्यापेक्षा अंदाज करावा आणि तो उघड करावा. किती फ्लिप-फ्लॉप, कोणता क्लॉक, एका क्लॉकमागे सरासरी किती सिग्नल बदलतील, हे गृहीत धरून आकडा काढता येतो. झायलिंक्सची साधनं हा बदलाचा दर मुळात १२.५ टक्के धरतात. व्हिडिओ किंवा एन्क्रिप्शनचं काम असेल तर तो वाढवून धरावा. तापमान वाढलं की गळतीचा करंटही वाढतो, म्हणून बंद डब्यात आत किती तापेल तेही त्यात आलं पाहिजे.

ही सगळी गृहीतकं मी स्कीमॅटिकच्या पहिल्या पानावर लिहितो: इतके अँपिअर, या क्लॉकपर्यंत, या तापमानापर्यंत. सर्किट लिहिणाऱ्याने आपला पॉवर रिपोर्ट त्या पानाशेजारी ठेवून बघावा. आकडे जुळत नसतील, तर ते बोर्ड ग्राहकाकडे जाण्याआधीच आम्हा दोघांना कळतं.