पी५३ नसलेला उंदीर

उंदरांच्या खोलीत सकाळचं पहिलं काम म्हणजे नुसतं बघणं. पी५३ हे गाठींना आळा घालणारं जनुक काढलेलं पिल्लू कोणतं, ते मात्र बघून कळत नाही. कानाचा कणभर तुकडा घ्यायचा, त्यातला डीएनए पीसीआरला लावायचा, जेलवरच्या पट्ट्या वाचायच्या, तेव्हा उमगतं. एरवी पिल्लू धडधाकट, भावंडांसारखंच भुश्यात लोळणारं. 1992 साली अमेरिकेत लॉरेन्स डोनेहॉवर यांच्या गटाने असे उंदीर जन्माला घातले. सहा महिन्यांच्या आत चारांतल्या जवळजवळ तिघांना गाठी आल्या.

छातीतली लिम्फोमाची गाठ हाताला लागत नाही, श्वासात दिसते. फुप्फुसं दाबली जातात, फासळ्या भराभर हलतात, केस विस्कटतात, पाठ कुबडते. मग थांबायचं आणि उंदराला त्रास न होता मरण द्यायचं. नियमच आहे तो. नसता तरी माझ्याच्याने पुढचं बघवलं नसतं.

संशोधक कमल रणदिवे यांनी मुंबईत परळला स्तनांच्या कर्करोगावर काम केलं, तेव्हा जनुक काढायची सोय नव्हती. जवळच्या नात्यात पिढ्यानपिढ्या जोड्या लावून, आपसूक गाठी येणारं उंदरांचं वाण सांभाळायचं. सोयरिकी जुळवणाऱ्या आमच्या म्हाताऱ्यांना जमलं असतं हे काम, फक्त उलट्या हिशेबाने.

गावी, दिंद्रुडला गेलो की पारावर प्रश्न ठरलेला, "काय रे, निघालं का औषध?" उंदराची साक्ष जपून घ्यावी लागते, हे तिथे सांगणं अवघड. आरबी या दुसऱ्या जनुकाचंच बघा. माणसात त्याची एक प्रत जन्मतः बिघडलेली असली, तर लहानपणीच डोळ्यात गाठ येऊ शकते. त्यासाठी दुसरी प्रतही बिघडावी लागते, हा दोन घावांचा सिद्धान्त आल्फ्रेड नडसन यांनी 1971 मध्ये त्यावरूनच मांडला. उंदरात हीच एक प्रत बिघडवली, तर डोळे ठणठणीत राहतात, गाठ येते पिट्युटरी ग्रंथीत! म्हणून 'उंदरांवर गुणकारी' अशी बातमी मी गावच्या ग्रुपवर कधी टाकत नाही.

पारावर सांगतो ते एवढंच. उंदराचं पी५३ आम्ही मुद्दाम काढतो. तंबाखूतली रसायनं माणसाचं तेच जनुक बिघडवू शकतात. तोंडाच्या कर्करोगात ते बिघडलेलं वारंवार सापडतं. तेव्हा मिश्री, गुटखा सोडा, आणि तोंडातली जखम वा पांढरा चट्टा दोन-तीन आठवड्यांत गेला नाही, तर अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात दाखवा. आमच्या उंदरांसाठी थांबू नका.