फ्रिजची भाषा

वऱ्हाडातला उन्हाळा ४५ अंशांवर गेला की आमच्या कामरगावच्या घरात सर्वांत बोलका प्राणी म्हणजे फ्रिज. त्याची बहुतेक बडबड निरुपद्रवी. गुळगुळ ऐकू येते ती नळ्यांतून फिरणाऱ्या गॅसची. मध्येच ताडकन् वाजते ते थंडीने आखडणारे प्लॅस्टिक. खडखड झाली तर फरशीवर एक पाय अधांतरी असतो. पुठ्ठ्याची घडी खाली सारली की महाराज गप्प!

भ्यावे ते एकाच आवाजाला. 'टक्', मग थोडी शांतता, पुन्हा 'टक्'. शिवारातल्या मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज पडते, कॉम्प्रेसरला उठवत नाही, आणि तो जळू नये म्हणून आतली कळ वीज तोडते.

आमच्या फ्रिजात आईचे इन्सुलिन असते. साठवणीच्या बाटल्यांना २ ते ८ अंशांची थंडी लागते. गेल्या वैशाखात रात्री तो आवाज आला तसा मी प्लग काढला आणि दार उघडायची सर्वांना मनाई केली. बंद दाराआड थंडी चारेक तास टिकते.

"अरे बापा, आपला रांजण असा कधी कुरकुरला काय?" आई म्हणाली.

तीन तासांनी मोटारी थांबल्या. प्लग लावला. टक् झाले, आणि पाठोपाठ घरघर सुरू झाली. आई अजून जागीच होती.