कोणाच्या हातचें पाणी

इंग्रजी वाङ्मय शिकविणाऱ्या माणसास बायबल टाळतां येत नाहीं. मिल्टनचें महाकाव्य असो कीं शेक्सपीअरचें नाटक असो, वाटेंत कोठें ना कोठें त्या ग्रंथाचें दार ठोठवावेंच लागतें. आम्ही जन्मानें ख्रिस्ती नव्हों, आणि धर्मशास्त्राचे पंडित तर मुळींच नव्हों. परंतु गेल्या तीस वर्षांत त्या दारांतून आमचें इतक्या वेळां जाणेंयेणें झालें आहे कीं, तें घर आतां आम्हांस परकें वाटत नाहीं.

गेल्या वर्षीं ‘मॅकबेथ’ शिकवीत असतां असाच प्रसंग आला. राणी झोपेंत चालतां चालतां हात चोळीत आहे आणि रक्ताचा डाग कांहीं केल्या जात नाहीं, हा प्रवेश समजावून देतांना आम्हीं पिलाताचें उदाहरण दिलें. येशूला वधस्तंभाकडे धाडण्यापूर्वीं ह्या रोमन सुभेदारानें जमावासमक्ष पाणी मागवून हात धुतले, ही हकीकत सांगून होते न होते तोंच मागच्या बांकावरून एका विद्यार्थिनीनें विचारलें, “सर, राणीचे हात स्वच्छ झाले नाहींत, सुभेदाराचेहि झाले नाहींत. मग पाण्यानें खरोखर कोणी शुद्ध झालें, अशी एखादी तरी गोष्ट त्या ग्रंथांत आहे का?”

तेवढ्यांत घंटा झाली, म्हणून आम्ही सुटलों. उत्तर ठाऊक नव्हतें असें नाहीं. पण त्या वेळीं तें आमच्या तोंडून निघेना. कां निघेना, तें पुढें सांगूं.

पिलाताचा न्यायनिवाडा चारही शुभवर्तमानांत आहे. हात धुण्याचा प्रसंग मात्र एकट्या मत्तयानें नोंदविला आहे. मत्तयाच्या यहुदी वाचकांस तो वाचतांना मोशेच्या नियमशास्त्रांतील एका जुन्या विधीची आठवण झाल्यावांचून राहिली नसेल. शेतांत मारून टाकलेला मनुष्य आढळला आणि मारेकरी कोण तें कळेना, म्हणजे आसपासच्या गांवांपर्यंतचें अंतर मोजावयाचें. जें गांव सर्वांत जवळ ठरेल तेथील वडीलधाऱ्यांनीं जूं न ठेवलेली कालवड वाहत्या ओढ्याच्या खोऱ्यांत न्यावयाची, तिची मान मोडावयाची, तिच्यावर हात धुवावयाचे, आणि हें रक्त आमच्या हातून सांडलें नाहीं असें सांगून देवाची क्षमा मागावयाची. ह्या विधीचें मर्म त्या मोजणींत आहे. ज्यांनीं मारलें नाहीं त्यांनाहि तो प्रेतापर्यंत नेऊन उभें करतो, आणि तुमचें गांव जवळचें, म्हणून तुम्ही उत्तरदायी, असें त्यांस बजावतो. पिलातासमोरचा मनुष्य तर अजून जिवंत होता. तो निर्दोष आहे हें पिलातास कळलें होतें. त्याला सोडण्याचा अधिकारहि त्याच्याच हातीं होता. जें पाणी जबाबदारी अंगावर घेण्यासाठीं होतें, तें त्यानें ती झटकून टाकण्यासाठीं वापरलें.

मग शुद्ध करणारें पाणी कोणतें? बायबलांतील पाण्याच्या कथा एकापुढें एक ठेवून पाहिल्या असतां एक गोष्ट आमच्या ध्यानांत आली, ती अशी कीं, त्यांत पाण्याइतकाच दुसऱ्या माणसाचा हात महत्त्वाचा आहे.

अरामी राजाचा सेनापति नामान ह्यास कुष्ठ झालें होतें. त्याला वाट दाखविली ती लढाईंत धरून आणलेल्या एका इस्राएली मुलीनें. ती त्याच्या बायकोची दासी होती. अलीशा संदेष्ट्यानें त्यास यार्देन नदींत सात वेळां बुडी मारावयास सांगितलें, आणि तेंहि स्वतः बाहेर न येतां, निरोप्याकरवीं. सेनापति संतापला. दिमिष्काच्या अबाना आणि परपर ह्या नद्यांपुढें यार्देनेची मातब्बरी ती काय! शेवटीं त्याच्या नोकरांनीं समजूत घातली, तेव्हां कोठें तो पाण्यांत उतरला. कथेंतील नदी एकच. परंतु त्या मोठ्या माणसाला तिच्यापर्यंत पोंचविणारे सारे धाकटे आहेत.

यरुशलेमांतील बेथेस्दाच्या तळ्याची कथा हीच गोष्ट उलट्या बाजूनें सांगते. त्या तळ्यास पांच पडव्या होत्या. सेंट ॲनच्या चर्चजवळील उत्खननांत तेथें एक जोडतळें सांपडलें. चार बाजूंच्या चार पडव्या आणि दोन तळ्यांमधील बांधावरची एक, असा त्या वर्णनाचा मेळ बसतो. पाणी हालतांच जो प्रथम उतरेल तो बरा होईल, अशी समजूत होती. ३८ वर्षें रोगानें खिळलेला एक मनुष्य तेथें पडून होता. येशूनें विचारपूस केली तेव्हां त्यानें रोगाचें गाऱ्हाणें सांगितलें नाहीं. आपल्याला पाण्यांत सोडणारा कोणी नाहीं, हें त्याचें गाऱ्हाणें होतें. त्याच्यापुढें पाणी होतें, माणूस नव्हता.

बाप्तिस्म्याचेंहि तसेंच आहे. शुद्धीसाठीं स्नान करण्याची चाल यहुदी लोकांत पूर्वींपासून होती. तें स्नान ज्याचें त्यानें करावयाचें असे. योहान यार्देनेच्या कांठीं उभा राहिला तेव्हां मात्र लोक त्याच्या हातून पाण्यांत उतरले, आणि त्याचें नांवच बाप्तिस्मा करणारा योहान असें पडलें. आरंभीच्या ख्रिस्ती मंडळीची ‘दिदाखे’ नांवाची एक छोटी आचारपोथी १८७३ सालीं कॉन्स्टँटिनोपल येथें सांपडली. वाहतें पाणी उत्तम, तें नसल्यास दुसरें. थंड न चालल्यास ऊन. आणि दोन्ही नसल्यास मस्तकावर तीन वेळां ओतावें, अशी सवलत तींत आहे. पाण्याविषयीं इतकी उदार असलेली ही पोथी दुसऱ्या माणसावांचून हा विधि कल्पीत नाहीं.

शोमरोनी स्त्रीची गोष्ट तर आमच्या वाचकांस भाष्यावांचून कळेल. यहुदी आणि शोमरोनी ह्यांच्यांत भांड्याचा व्यवहार नव्हता. याकोबाच्या विहिरीवर दुपारच्या वेळीं थकून बसलेला येशू अशा स्त्रीजवळ पाणी मागतो, आणि हा आपल्या हातचें कसें पितो, ह्याचें तिला नवल वाटतें. जिवंत पाण्याचा उपदेश पुढें येतो. देणाऱ्यानें आधीं मागितलें आहे. ज्या देशांत तळ्याचें ओंजळभर पाणी पिण्यासाठीं २० मार्च १९२७ रोजीं महाड येथें डॉ. आंबेडकरांस सत्याग्रह करावा लागला, आणि मागाहून तें तळें ‘शुद्ध’ करून घेण्यांत आलें, त्या देशांत तिच्या नवलाचें कारण समजावून सांगावें लागत नाहीं. लक्ष्मीबाई टिळकांनीं ‘स्मृतिचित्रां’च्या आरंभीं रंगविलेले त्यांचे वडीलहि येथें आठवतात. बाहेरून आलेली वस्तु धुतल्यावांचून त्यांस चालत नसे. घरांत पाणी अखंड वाहत होतें, पण त्यामुळें घरांतल्या कोणाच्याहि जिवास स्वस्थता लाभली नाहीं.

ह्या सर्व कथांचा कळस शेवटच्या भोजनाच्या रात्रीं झाला, असें आम्हांस वाटतें. येशूनें पंचा कमरेस बांधला, घंगाळांत पाणी ओतलें, आणि तो शिष्यांचे पाय धुऊं लागला. पेत्रानें आढेवेढे घेतले. त्याला स्वच्छता नको होती असें नव्हे. गुरूनें आपल्यापुढें वांकावें, हें त्यास सोसेना. दुसऱ्याचे पाय धुण्यापेक्षां दुसऱ्याकडून धुवून घेणें कित्येकदां जड जातें. आणि यहूदा इस्कर्योतहि त्या पंक्तींत होता. तो उठून बाहेर गेला तो नंतर. ज्या पायांनीं तो त्या काळोखांत चालत गेला, ते नुकतेच धुतलेले होते. मत्तय आणि योहान ह्यांच्या हकीकती जोडून वाचल्या, तर एका रात्रींत दोन घंगाळें दिसतात. एकांत दुसऱ्यांचे पाय धुतले गेले. उजाडल्यावर दुसऱ्यांत पिलातानें आपले स्वतःचे हात धुतले.

आतां आमच्याविषयीं. ‘मॅकबेथ’च्या त्या तासापूर्वीं सहा महिने आमच्या महाविद्यालयाच्या कचेरींतून परीक्षा-शुल्काची कांहीं रक्कम नाहींशी झाली. चौकशीसाठीं तिघांची समिति नेमण्यांत आली, तींत आम्ही होतों. संशय एका शिपायावर गेला. कपाटाची किल्ली त्याच्याजवळ असे, हें खरें. ती आणखी दोघांजवळ असे, हेंहि खरें, आणि तें आम्हांस ठाऊक होतें. ते दोघे वजनदार होते. अहवाल तयार होऊन पुढ्यांत आला, त्यांत त्या दोन किल्ल्यांचा उल्लेख नव्हता. आम्हीं सही केली. निवृत्तीस दोन वर्षें उरलीं असतां तो मनुष्य घरीं बसला. एकोणीस वर्षें रोज सकाळीं आमच्या टेबलावर पाण्याचा तांब्या भरून ठेवणारा तो मनुष्य. सारे त्यांस ‘मामा’ म्हणत. आम्हीहि म्हणत असूं.

निर्णय समितीचा आहे, एकट्याचा नव्हे, असें आम्ही मनास समजावीत आलों होतों. खरा चोर आम्हांस ठाऊक नव्हता, हेंहि समाधान होतें. परंतु त्या मुलीच्या प्रश्नानंतर तो मोजणीचा विधि डोक्यांतून जाईना. अंतर मोजलें असतें, तर जवळचें गांव आमचेंच निघालें असतें.

दिवाळीच्या सुट्टींत मामांचें घर शोधीत गेलों. काय बोलावयाचें तें घरून ठरवून नेलें होतें. दारांत त्यांतील एकहि वाक्य आठवेना. मामांनीं खुर्ची पुसून पुढें केली. सून पाणी घेऊन आली, तिच्या हातांतला पेला घेऊन तो त्यांनीं स्वतः आमच्या हातीं दिला. “उन्हांतून आलांत सर, आधीं पाणी घ्या.” आम्ही तें प्यालों. मग किल्ल्या तिघांजवळ होत्या, हें सही करतांना आम्हांस माहीत होतें, एवढें कसेंबसें सांगितलें. मामा बराच वेळ जमिनीकडे पाहत होते. शेवटीं म्हणाले, “तुम्हांला माहीत आहे, हें मला तेव्हांच माहीत होतें, सर.”

त्या रात्रीं आम्हीं संस्थाचालकांस पत्र लिहिलें. दोन किल्ल्यांची गोष्ट त्यांत नमूद केली, सही मागें घेतली, फेरचौकशीची विनंती केली. त्याचा निकाल अद्याप लागलेला नाहीं. दोन सहकारी आमच्याशीं बोलत नाहींसे झाले आहेत. आम्ही शुद्ध झालों, असें म्हणण्याचें धाडस आम्हांस नाहीं. यशया संदेष्ट्यानें पहिल्याच अध्यायांत लोकांस स्नान करून निर्मळ व्हावयास सांगितलें आहे, आणि त्याला लागूनच न्याय शोधण्याची, गांजलेल्यांचा कैवार घेण्याची आज्ञा केली आहे. आमच्या हातून ह्यांतलें एक पत्र तेवढें झालें, आणि तेंहि आठ महिने उशिरा.

दुसऱ्या सत्राच्या पहिल्या तासास त्या विद्यार्थिनीला उत्तर दिलें. अशा गोष्टी त्या ग्रंथांत पुष्कळ आहेत. पण त्यांतील कोणीहि दुसऱ्यावांचून शुद्ध झालेला नाहीं, असें सांगितलें. तिनें तें वहींत टिपून घेतलें.

आमच्या टेबलावर आतां दुसरा शिपाई पाणी ठेवतो. हें कोणाच्या हातचें, असें आमच्या वाडवडिलांच्या घरीं पेला ओंठांस लावण्यापूर्वीं विचारीत असत. तोच प्रश्न आतां आम्ही रोज सकाळीं विचारतों, आणि विचारतों तो स्वतःस.