मुक्कामाचा हिशेब

कोल्हापूर शहराच्या पूर्वेला, करवीर तालुक्यात, गडमुडशिंगी हे आमचे गाव वसले आहे. एका अंगाला उजळाईवाडीचा विमानतळ, दुसऱ्या अंगाला गांधीनगरची कापडाची घाऊक पेठ आणि पुढे हुपरीच्या चांदीच्या पेढ्यांकडे जाणारा रस्ता, असा या गावाचा शेजार आहे. साहजिकच शेतीबरोबर व्यापार हाही येथील अनेक घरांचा नित्याचा विषय आहे. वर्षातून एकदा-दोनदा या घरांतील कोणी ना कोणी मुंबईला निघतो. कधी गोरेगावच्या प्रदर्शन केंद्रात तयार कपड्यांचे प्रदर्शन असते, कधी वांद्रे-कुर्ला संकुलात दागिन्यांचे, तर कधी एखाद्या व्यापारी संघटनेचे संमेलन. जाण्याची तिकिटे निघतात, नमुन्यांची पेटी भरली जाते, मग घरातील वडीलधारे एकच प्रश्न विचारतात, "उतरायचं कुठं?"

प्रश्न साधा वाटतो. पण लहान व्यापाऱ्याच्या बाबतीत प्रवास घडणार की नाही, हे त्याच्या उत्तरावरच ठरते. उदाहरण म्हणून एक हिशेब मांडून पाहावा. समजा, संमेलनस्थळाजवळच्या हॉटेलातील खोलीचे भाडे रोजचे ६,००० रुपये आहे आणि मुक्काम तीन रात्रींचा आहे. म्हणजे भाड्याचेच १८,००० रुपये झाले. शेकडा आठ रुपये निव्वळ नफा सुटणाऱ्या व्यापाऱ्याला एवढी रक्कम भरून काढण्यासाठी २,२५,००० रुपयांची जादा विक्री करावी लागेल. मोठ्या पेढीला हा खर्च जाणवत नाही. परंतु नुकतेच दुकान टाकलेला तरुण खतावणीत हा आकडा पाहतो आणि 'यंदा राहू दे' म्हणून बेत रद्द करतो. नवा माल, नवी ओळख, नवा भाव यांपैकी त्याला काहीच मिळत नाही. भांडवल कमी म्हणून माहिती कमी आणि माहिती कमी म्हणून भांडवल कमी, हे चक्र पुष्कळदा खोलीच्या भाड्यापाशी सुरू होते.

महाग शहरातील संमेलन आणि बाहेरगावच्या माणसाचा मुक्काम ही अडचण आजची नाही. भारतीय राष्ट्रीय सभेचे पहिले अधिवेशन १८८५ च्या डिसेंबरात पुण्यास भरावयाचे होते. सार्वजनिक सभेने तयारीही केली होती. पर्वतीजवळील पेशव्यांच्या बागेत प्रतिनिधींची सोय व्हावयाची होती. ऐनवेळी पुण्यात पटकीची शंका आली आणि अधिवेशन मुंबईस हलवावे लागले. देशाच्या निरनिराळ्या प्रांतांतून निघालेल्या माणसांना मुंबईसारख्या शहरात इतक्या थोड्या अवधीत कोठे उतरवायचे? तेव्हा गवालिया टँकजवळील गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळा आणि तिचे वसतिगृह यांच्या चालकांनी आपल्या इमारती मोकळ्या करून दिल्या. तेथेच ७२ प्रतिनिधी जमले आणि २८ डिसेंबरला सभा भरली. गोकुळदास तेजपाल हे भाटिया समाजातील व्यापारी. त्यांच्या दानातून उभी राहिलेली वास्तू अशा रीतीने इतिहासाच्या कामी आली. संमेलनाचे ठराव पुस्तकांत नोंदले जातात. प्रतिनिधींना अंथरूण आणि पाणी कोणी दिले, याकडे सहसा लक्ष जात नाही.

याच परंपरेतील एक नाव आपल्या समाजाला विशेष जवळचे आहे. ते म्हणजे दानवीर शेठ माणिकचंद हिराचंद झवेरी (१८५१ ते १९१४). सुरतेहून आलेल्या या कुटुंबाने मुंबईत मोत्यांच्या व्यापारात नाव मिळविले. माणिकचंदजींनी दानाचा विचारही व्यापाऱ्याच्या नजरेने केला. माणूस घराबाहेर पडला की कोठे अडतो, याचा शोध घेऊन नेमक्या त्या जागी त्यांनी पैसा लावला. शिक्षणासाठी शहरात येणारा मुलगा राहण्याच्या जागेपायी अडतो, म्हणून ठिकठिकाणी जैन बोर्डिंगे उभारण्यास त्यांनी साहाय्य केले. कोल्हापूरच्या दिगंबर जैन बोर्डिंगलाही त्यांच्या दानाचा हात लागला. त्या बोर्डिंगमध्ये राहून शिकलेल्यांत कर्मवीर भाऊराव पाटील होते. पुढे त्यांनी स्वतः वसतिगृहे काढून बहुजनांच्या मुलांना शाळेची वाट मोकळी करून दिली. राहण्याची सोय झाली म्हणजे माणूस किती दूर जातो, याचा याहून मोठा दाखला शोधण्याचे कारण नाही.

व्यापार, औषधोपचार, यात्रा अशा कामांसाठी मुंबईस येणाऱ्यांकरिता माणिकचंदजींनी सी. पी. टँकजवळ वडिलांच्या नावाने हिराबाग धर्मशाळा उभी केली. तिची जागा पाहिली म्हणजे योजकाची दृष्टी कळते. भुलेश्वर, काळबादेवी, झवेरी बाजार ही सारी पेठ पायी अंतरावर. भुलेश्वर आणि गुलालवाडीची दिगंबर जैन मंदिरे जवळ. सकाळी दर्शन, दिवसभर पेठ आणि सूर्यास्तापूर्वी परत, असा श्रावकाचा दिनक्रम जेथे मोडत नाही, अशी ती जागा आहे. स्वस्त जमिनीसाठी धर्मशाळा शहराबाहेर नेली असती, तर इमारत मोठी झाली असती, पण वाटसरूची सोय झाली नसती. हिराबागेत केवळ वाटसरूच उतरले असेही नाही. दक्षिण आफ्रिकेहून परतलेल्या गांधीजींचा आणि कस्तुरबांचा सत्कार जानेवारी १९१५ मध्ये येथे झाला आणि त्या प्रसंगी लोकमान्य टिळक उपस्थित होते. पंडित नाथूराम प्रेमी यांचे हिंदी ग्रंथ रत्नाकर कार्यालय याच पत्त्यावरून ग्रंथ प्रसिद्ध करीत असे.

मुंबईत अशी सोय अनेक समाजांनी आपापल्या परीने केली. गिरणगावच्या चाळींत एकेका गावाच्या खोल्या असत. गावातला माणूस नोकरीसाठी आला की वर्गणी भरून तेथे पथारी टाकी. गोव्याच्या ख्रिस्ती दर्यावर्दींनी धोबीतलावच्या परिसरात गावोगावची 'कूड' चालविली. गाडगेबाबांनी पंढरपूर, आळंदी, नाशिक अशा ठिकाणी धर्मशाळा बांधविल्या. पद्धती वेगळ्या होत्या, पण सूत्र एक होते. परक्या शहरात एकट्याला न परवडणारी जागा सर्वांनी मिळून धरली म्हणजे परवडते.

आता परिस्थितीत एक बदल झाला आहे. पूर्वी पेठही दक्षिण मुंबईत आणि धर्मशाळाही तेथेच. आज मोठी प्रदर्शने गोरेगावला किंवा वांद्रे-कुर्ला संकुलात भरतात आणि तेथील हॉटेले लहान व्यापाऱ्याच्या आवाक्याबाहेरची असतात. त्यामुळे जुन्या धर्मशाळा आता गैरसोयीच्या, असा समज रूढ होत चालला आहे. तो तपासून पाहण्यासारखा आहे. मुंबईत अंतर मैलांत मोजू नये, रेल्वेमार्गावर मोजावे. सकाळची गर्दी उपनगरांतून दक्षिणेकडे लोटते आणि सायंकाळी उलट फिरते. चर्नी रोडला लोकल धरून सकाळी गोरेगावकडे जाणारा प्रवासी या लोंढ्याच्या विरुद्ध दिशेने जातो, परततानाही तसेच. पुष्कळदा त्याला बसायला जागा मिळते. वांद्रे-कुर्ला संकुलाचा मार्ग तर आता अधिकच सोपा झाला आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये भुयारी मेट्रो कफ परेडपर्यंत पूर्ण सुरू झाली. गिरगाव किंवा काळबादेवी स्थानकात बसलेला माणूस गाडी न बदलता थेट संकुलाच्या स्थानकात उतरतो. वाशीच्या प्रदर्शनासाठी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसहून हार्बर मार्गाची लोकल आहे. ज्या धर्मशाळा कालबाह्य झाल्या असे वाटत होते, त्या नव्या रुळांनी पुन्हा संमेलनाच्या जवळ आणून ठेवल्या आहेत.

प्रवासाची आखणीही मुक्कामाच्या खर्चाशी जोडून करावी. कोल्हापूरहून रात्री निघणारी महालक्ष्मी एक्स्प्रेस सकाळी मुंबईस पोहोचते. जाताना आणि येताना रात्रीची गाडी धरली, तर तीन दिवसांच्या संमेलनासाठी दोनच रात्रींची जागा लागते. विमान तासाभरात नेते खरे, पण वाचलेली रात्र हॉटेलात काढावी लागली तर बचत कसली?

धर्मशाळेत उतरणाऱ्याने काही गोष्टी आधीच ध्यानात ठेवाव्यात. जागा आहे की नाही, हे काही दिवस आधी विचारून घ्यावे. पर्युषण, दशलक्षण पर्व आणि लग्नसराई या काळात तर अवश्य. ओळखपत्र जवळ असावेच. आपल्या मंदिराच्या किंवा समाजाच्या पदाधिकाऱ्यांचे पत्र असल्यास काम सुकर होते. मुक्कामाच्या दिवसांना मर्यादा, रात्री दरवाजा बंद होण्याची वेळ, अनामत रक्कम, आहाराचे नियम या गोष्टी स्थळानुसार वेगळ्या असतात. त्या आधी समजून घेतल्या म्हणजे दारात वाद होत नाही. भोजनाची वेळ हा आणखी एक मुद्दा. जानेवारीत मुंबईचा सूर्य सव्वासहाच्या सुमारास मावळतो, जुलैत सव्वासातच्या. सायंकाळपर्यंत चालणाऱ्या प्रदर्शनातून परत येऊन जेवायचे, तर हिवाळ्यात वेळ साधत नाही. रात्रिभोजनत्याग पाळणाऱ्याने सकाळीच डबा बरोबर घ्यावा, हे उत्तम.

हॉटेलाच्या खोलीत न मिळणारी एक गोष्ट धर्मशाळेच्या ओसरीवर मिळते. रात्री तेथे सोलापूरचा कापडवाला, बेळगावचा भांड्यांचा व्यापारी, हुपरीचा कारागीर शेजारी-शेजारी बसतात. कोणत्या गाळ्यावर भाव बरा आहे, कोणाची उधारी वेळेवर वसूल होते, कोणत्या मालाला पुढच्या हंगामात उठाव असेल, याची देवघेव तेथे सहज होते. संमेलनाच्या व्यासपीठावरील भाषणाइतकेच हे बोलणे मोलाचे असते.

मात्र या सोयीला स्वस्त हॉटेल समजणे बरोबर नाही. धर्मशाळेचा नकरा म्हणजे बाजारातील भाडे नव्हे. पूर्वी कोणीतरी केलेल्या दानातून आपला उरलेला खर्च भागत असतो. ज्याला ऐपत आहे त्याने नकऱ्याबरोबर भांडारात चार पैसे अधिक टाकावेत. ज्याला सहज हॉटेल परवडते त्याने गर्दीच्या दिवसांत जागा अडवू नये. आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंड श्रावकाचारात आहार, औषध, उपकरण यांच्याबरोबर आवासाचीही दानांत गणना केली आहे. तेथील संदर्भ संयमी जनांच्या वैयावृत्त्याचा आहे, हे खरे. परंतु निवारा देणे हे दान आहे, ही जाणीव त्यातूनच आपल्या पूर्वजांच्या अंगी मुरली असावी.

आणि मुक्काम शोधणारे नेहमी आपणच असतो असे नाही. गडमुडशिंगीच्या शेजारी वळिवडे येथे १९४३ ते १९४८ या काळात सुमारे ५,००० पोलिश निर्वासितांची छावणी होती. त्यांत बहुतेक स्त्रिया आणि मुले होती. युद्धाने घर हिरावलेल्या त्या माणसांना करवीरच्या मातीने जागा दिली. त्याची आठवण म्हणून पोलंडच्या राजधानीत, वॉर्सा शहरात, कोल्हापूरच्या नावाचे स्मारक उभे आहे. पुढे फाळणीनंतर आलेल्या सिंधी बांधवांनी याच परिसरात वस्ती केली आणि गांधीनगरची पेठ उभारली. निवारा मिळालेल्या माणसाने पुढे शेजाऱ्यालाच व्यापार मिळवून दिला, हे आपण डोळ्यांनी पाहतो.

आज त्या पेठेत कोकणातून, कर्नाटकातून लहान दुकानदार खरेदीला येतात. काम एका दिवसात उरकले नाही, तर ते कोठे राहतात? मुंबईत आपल्याला जो प्रश्न पडतो, तोच त्यांना आपल्या दाराशी पडत असेल. गावोगावच्या मंदिरांजवळ सभागृहे आहेत, समाजाच्या इमारती आहेत, वर्षातील बरेच दिवस बंद राहणाऱ्या खोल्या आहेत. त्यांपैकी दोन खोल्या स्वच्छ ठेवून, गाळलेल्या पाण्याची आणि अंथरुणाची व्यवस्था करून, माफक नकऱ्यावर वाटसरूसाठी उघडता येतील. व्यापारी मंडळांना संमेलनाच्या दोन महिने आधी नावे गोळा करून मुंबईत एकत्र जागा धरता येईल आणि नव्या दुकानदाराच्या मुक्कामाचा भार काही अंशी उचलता येईल. यासाठी मोठा निधी लागत नाही. एक वही, एक जबाबदार माणूस आणि एक किल्ली पुरते.

माणिकचंदजींकडे मोत्यांची पेढी होती, आपल्याकडे नसेल. पण येणाऱ्याला 'उतरायचं कुठं?' असे विचारावे लागू नये, एवढी तजवीज दोन खोल्यांपासूनही सुरू होते.