चेहरा कोणाचा, गळा कोणाचा

वसंतराव देशपांड्यांची फिल्मोग्राफी काढायला बसलात तर काम पाच मिनिटांत आटोपतं. १९३५ सालचा एक सिनेमा, पन्नासच्या दशकात पडद्यामागून दिलेला आवाज आणि १९७९ मधला 'अष्टविनायक'. आपल्याकडे चरित्र अभिनेत्याची किंमत सिनेमांच्या आकड्यावर ठरते. दोनशे सिनेमे, तीनशे सिनेमे, त्यातले अडीचशे पोलीस इन्स्पेक्टर. त्या मापानं वसंतराव यादीत बसतच नाहीत. तरी मला त्यांच्या पडद्यावरच्या कारकिर्दीवरच लिहायचंय, कारण ती त्यांच्या मृत्यूनंतर चाळीस वर्षं होत आली तरी सुरूच होती. असं फार थोड्या नटांच्या वाट्याला येतं.

आधी थोडा भूगोल. माझं गाव बोरी अरब, तालुका दारव्हा, जिल्हा यवतमाळ. कापूस, तूर आणि उन्हाळा. आमच्या दारव्ह्यावरून 'शकुंतला' नावाची नॅरोगेज गाडी जायची. इंग्रजांच्या काळात कापूस वाहायला टाकलेली ही लाईन आता बंद पडलीय. तिचं एक टोक यवतमाळ, दुसरं मूर्तिजापूर. त्या मूर्तिजापुरात २ मे १९२० रोजी वसंतरावांचा जन्म झाला. म्हणजे मराठी संगीतातला हा मोठा माणूस आमच्याच लाईनवरचा! पुण्यात नोकरीला आल्यावर 'यवतमाळ म्हणजे नक्की कुठे?' हा प्रश्न दर दोन महिन्यांनी ऐकणाऱ्या माणसाला अशा गोष्टींचा किती आधार असतो, ते विदर्भातल्यांनाच कळेल.

आमच्या पिढीला मात्र वसंतराव आधी भेटतात ते सभागृह म्हणून. नागपुरात इंजिनिअरिंग केलेल्या कुणालाही विचारा. सिव्हिल लाईन्समधलं 'देशपांडे हॉल' सगळ्यांना माहीत असतं. तिथे कोणाचं तरी गॅदरिंग असतं, कोणाचा तरी सत्कार असतो. ते देशपांडे कोण, याची चौकशी करायला फारसं कोणी थांबत नाही. नागपूरवर त्यांचा हक्क मात्र पक्का आहे. आई राधाबाईंनी एकटीनं त्यांना वाढवलं ते याच शहरात, आणि शंकरराव सप्र्यांकडे त्यांचं पहिलं शिक्षण झालं तेही इथेच.

आता पडदा. दादासाहेब फाळक्यांनी १९१९ मध्ये 'कालिया मर्दन' काढला तेव्हा सिनेमा मुका होता, आणि त्यातला कृष्ण झाली होती फाळक्यांची मुलगी मंदाकिनी. सोळा वर्षांनी भालजी पेंढारकरांनी त्याच नावाचा बोलपट केला. आता कृष्णाला नुसतं नाचून भागणार नव्हतं, गायलाही हवं होतं. त्यासाठी त्यांनी निवडलेला पोरगा म्हणजे वसंत देशपांडे. तेव्हा पार्श्वगायन रुळलेलं नव्हतं. पडद्यावर दिसणार तोच गाणार, हा साधा हिशेब होता. चेहरा आणि गळा एकाच माणसाचा.

हा हिशेब पुढे मोडला. पार्श्वगायन आलं आणि सिनेमाचे दोन भाग झाले. माझ्या कामाच्या भाषेत सांगायचं तर फ्रंटएंड एकाकडे, बॅकएंड दुसऱ्याकडे. दिसायला चांगला असेल त्यानं ओठ हलवायचे, गाता येईल त्यानं स्टुडिओत गायचं. या नव्या व्यवस्थेत वसंतराव गेले पडद्यामागे. पु. ल. देशपांड्यांच्या १९५३ च्या 'गुळाचा गणपती'मध्ये आशा भोसल्यांबरोबर त्यांचा आवाज आहे. पुलंशी त्यांची मैत्री तर मराठी माणसाला पाठ आहे. पण आवाजाला तोंड नव्हतं, आणि तोंड होतं ते रोज सकाळी ऑफिसला जात होतं.

हो, ऑफिसला. वसंतरावांनी मिलिटरी अकाउंट्समध्ये जवळपास चोवीस वर्षं नोकरी केली. लाहोरला मामाकडे राहून उस्ताद असद अली खाँकडून मारवा घेतलेला, सुरेशबाबू मान्यांकडे शिकलेला, दीनानाथ मंगेशकरांच्या गाण्यानं झपाटलेला हा माणूस दिवसा फौजेच्या पगाराचे आकडे जुळवायचा. साठच्या दशकात, चाळिशी उलटल्यावर, त्यांनी नोकरी सोडली. हे वाक्य मोटिव्हेशनल रीलमध्ये छान दिसेल. पण मधली चोवीस वर्षं रीलमध्ये मावत नाहीत. त्या वर्षांत घर होतं, संसार होता आणि महिन्याच्या एक तारखेची गरज होती.

नोकरी सुटल्यावर जे घडलं त्यात पुन्हा आमच्या तालुक्याचं नाव येतं. पुरुषोत्तम दारव्हेकर नागपूरचे, 'रंजन कला मंदिर'चे, सगळ्यांचे मास्तर. आडनाव दारव्ह्याचं. त्यांनी 'कट्यार काळजात घुसली' लिहिलं, पं. जितेंद्र अभिषेकींनी संगीत दिलं, आणि डिसेंबर १९६७ मध्ये प्रभाकर पणशीकरांच्या 'नाट्यसंपदा'नं ते रंगमंचावर आणलं. खाँसाहेब आफताब हुसेन बरेलीवाले झाले वसंतराव. वय सत्तेचाळीस.

खाँसाहेब म्हणजे आपलं घराणं तिजोरीसारखं जपणारा माणूस. राजगायकाला मानाची कट्यार मिळते, तिच्याबरोबर एक खून माफ. आपली गायकी दुसऱ्या घराण्याच्या पोरानं चोरून ऐकली तर हा माणूस ती कट्यार उपसायला कमी करणार नाही. आता गंमत बघा. ही भूमिका केली ती अशा माणसानं, जो आयुष्यभर एका घराण्यात मावला नाही. अनेक दारांवर जाऊन शिकला आणि त्यासाठी शुद्धतेच्या पहारेकऱ्यांचे टोमणे खाल्ले. 'माझं घराणं माझ्यापासून सुरू होतं' अशा अर्थाचं त्यांचं म्हणणं आजही सांगितलं जातं. ज्यांनी त्यांना दारात अडवलं असेल, त्यांचाच अभिमान आणि त्यांचीच भीती त्यांनी रंगमंचावर उभी केली. खलनायक म्हणून नाही. खाँसाहेबाचा राग येतो, आणि त्याच्या गाण्यावरून जीवही ओवाळून टाकावासा वाटतो. ही दोन्ही कामं एकाच श्वासात करायची तर गाणारा नट लागतो. नुसता नट चालत नाही, नुसता गवईही चालत नाही.

ते नाटक बघायला आपण नव्हतो. ध्वनिमुद्रणं आहेत, त्यातून गळा कळतो. पण चेहरा बघायचा असेल तर 'अष्टविनायक'.

१९७९. दिग्दर्शक राजदत्त, निर्माते शरद पिळगावकर, नायक त्यांचा मुलगा सचिन, नायिका वंदना पंडित, संगीत अनिल-अरुण यांचं. वसंतराव नायिकेचे वडील झालेत. चरित्र भूमिकेत याहून साधी भूमिका काय असणार! मराठी सिनेमात मुलीचा बाप ढिगानं सापडतो. पण 'दाटून कंठ येतो' हे पाठवणीचं गाणं सुरू होतं आणि पार्श्वगायनानं मोडलेला तो जुना हिशेब पुन्हा जुळतो. गाणारा आणि दिसणारा एकच. दुसऱ्याच्या आवाजावर ओठ हलवणारा नट ताल पकडतो, शब्द पकडतो, पण श्वास कुठे घ्यायचा हे त्याच्या हातात नसतं. इथे श्वास त्यांचा स्वतःचा आहे. गळ्यात हुंदका कुठे येणार हे चेहऱ्याला आधीच माहीत आहे. आणि ज्यांची तान ऐकून भल्याभल्यांना घाम फुटायचा, ते वसंतराव इथे ताना आवरून धरतात. मुलीला निरोप देणारा बाप गवई वाटला तर गाणं फसलं, हे त्यांना पक्कं कळलेलं होतं. या आवरण्याला मी अभिनय म्हणतो.

हे गाणं आमच्याकडे गावोगाव पोचलं ते थेटरातून नाही, मांडवातून. बोरीत माझ्या बहिणीच्या लग्नात दुपारभर डीजेवाल्यानं दणदणाट केला. बिदाईची वेळ आली तशी त्यानं न सांगता हे गाणं लावलं. बायका रडत होत्याच. माझे बाबा आंदणाच्या भांड्यांची यादी हातात घेऊन टेम्पोजवळ उभे होते. त्यांनी एका खतांच्या दुकानात तीस वर्षं हिशेब लिहिला आणि तितकीच वर्षं मारुतीच्या देवळात भजन म्हटलं. आवाज चढा आणि सुरेल. गाणं दुसऱ्या कडव्याला आलं तेव्हा त्यांनी यादीची घडी करून खिशात घातली आणि हळू आवाजात वसंतरावांच्या बरोबरीनं म्हणायला लागले. रडले नाहीत. शेवटपर्यंत म्हटलं, मग माझ्या हातात यादी देत म्हणाले, "परात राह्यली का पाय बरं आतमधी." मी परात बघायला गेलो. वसंतराव माझ्यासाठी तिथे पहिल्यांदा सभागृहाबाहेर आले.

३० जुलै १९८३ रोजी वसंतराव गेले. आदल्याच वर्षी संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला होता. नातू राहुल तेव्हा चार वर्षांचाही नव्हता. त्याचा जन्म 'अष्टविनायक'च्याच वर्षातला. इथे ही कारकीर्द संपायला हवी होती.

२०१५ मध्ये सुबोध भावेंनी 'कट्यार'चा सिनेमा केला. खाँसाहेब कोण? सचिन पिळगावकर. छत्तीस वर्षांपूर्वी ज्यांच्या लेकीचा तो नायक होता, त्यांचीच भूमिका आता त्याच्याकडे आली. आणि सचिनच्या खाँसाहेबाला आवाज राहुल देशपांड्यांचा. म्हणजे पडद्यावरच्या जावयाचा चेहरा आणि खऱ्या नातवाचा गळा. दोघांनी मिळून एक वसंतराव उचलले. आमच्या हॉस्टेलवरच्या, शास्त्रीय संगीताचं नाव काढलं की पळणाऱ्या पोरांच्या प्लेलिस्टमध्ये या सिनेमाची गाणी आली, हा त्या दोघांचा पराक्रम.

मग १ एप्रिल २०२२ ला निपुण धर्माधिकारींचा 'मी वसंतराव' आला. या वेळी चेहराही राहुल आणि गळाही राहुल. सोबत पुलंच्या भूमिकेत पुष्कराज चिरपुटकर, राधाबाई झालेली अनिता दाते. राहुलला या सिनेमासाठी सर्वोत्कृष्ट पार्श्वगायकाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. नावात 'पार्श्व' आहे खरं, पण गाणारा तर समोरच उभा होता. १९३५ मध्ये आजोबांनी जिथून सुरुवात केली, तिथे नातू सत्त्याऐंशी वर्षांनी येऊन पोचला.

हा सिनेमा मी बाबांबरोबर गावी बघितला. सिनेमा लांब आहे, ते मध्ये एकदाही उठले नाहीत. कचेरीतले प्रसंग चालू असताना त्यांची मान हलत होती, गाण्यावर नाही, हिशेबाच्या वह्यांवर. संपल्यावर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "चोवीस वर्सं हिशोब केला न् मंग सोडला त्यायनं. आपला तं हिशोबच नाही सरला बाप्पा."

मी म्हटलं, "बाबा, तुम्हीबी सोडला असता तं?"

"मंग तू इंजिनेर झाला असता का?" ते हसले. तक्रारीचा सूर नव्हता. पण मला उत्तर सुचलं नाही, आणि अजून सुचलेलं नाही. वसंतरावांची गोष्ट सांगताना आपण नोकरी सोडण्याचा क्षण मोठा करतो. माझ्या बाबांसारख्या न सोडणाऱ्यांची गोष्ट कोणत्या सिनेमात येणार? ते वाईट गायचे म्हणून थांबले असं नाही. कोणाच्या तरी फीचा हप्ता असतो, आणि तो भरला की महिना संपतो. वसंतरावांना चोवीस वर्षांनी का होईना दार सापडलं. त्या दारापलीकडे काय होतं हे बघताना बाबा मत्सरानं बघत नव्हते, आनंदानं बघत होते. आपल्याच लाईनवरचा एक हिशेबनीस सुटला, एवढं त्यांना पुरेसं होतं.

बघायचं असेल तर माझा क्रम सांगतो. आधी 'अष्टविनायक'मधलं ते एक गाणं, पण ऐकू नका, बघा. चेहऱ्यावरून नजर हलवू नका. मग 'कट्यार'ची जुनी ध्वनिमुद्रणं, वसंतरावांच्या आवाजातली, डोळे मिटून. मग २०१५ ची 'कट्यार', आणि शेवटी 'मी वसंतराव'. हेडफोन शक्यतो नको. घरात मोठ्यानं लावा. आतल्या खोलीतून कोणी बरोबरीनं म्हणायला लागलं तर आवाज कमी करा, आणि त्यांचं ऐका.